सहीचा हात

११ जानेवारी

ही डायरी सभागृहाची आहे. वरती सोनेरी शिक्का, आत प्रत्येक पानावर छापील तारीख. दरवर्षी प्रत्येक खासदाराला दहा मिळतात. गेल्या वर्षी साहेबांनी त्यातली एक मला दिली आणि म्हणाले, "रोज चार ओळी लिही. चौथीत सोडून दिलेलं डोकं हळूहळू परत येईल." मी अकरा दिवस लिहिलं. पुढची पानं कोरीच राहिली. यंदा साहेबांना काही देता आलं नाही, म्हणून गठ्ठ्यातली एक मीच उचलली.

आठ डिसेंबरला सकाळी दाढी करता करता साहेबांना झटका आला. एका गालाला साबण तसाच होता. मी पाठीमागून धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. काल त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या अंगात जोर राहिला नाही, हाताची बोटं तेवढी वळतात. बोलणं गेलं. लिहिणंही गेलं. तोंडात एकच शब्द उरलाय, 'हो'. पाणी हवं का? हो. नको का? हो. खिडकी लावू? हो. उघडू? हो. पहिले दोन तास मला बरं वाटलं, म्हटलं साहेबांना सगळं पटतंय.

सिस्टर म्हणाल्या, "त्या 'हो'ला काही अर्थ नाही रे. बाकीचे शब्द सांडले, तो एक तळाला चिकटून राहिला. काय हवं-नको ते हाताकडे बघून ओळखायचं. नको असलं की मूठ वळतात."

खरंच आहे. कडू औषधाचा चमचा पुढे केला, तोंडाने हो, हाताने मूठ.

१५ जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही म्हणून स्वतःबद्दल लिहितो. घरी मला भिंगरी म्हणतात. वीटभट्टी, हॉटेलची भांडी, ट्रकवर क्लीनर, बंदरावर हमाली, सगळं करून झालं. कुठेही पाच महिन्यांच्या वर टिकलो नाही. पायाला मुंग्या येतात. इथे मात्र दोन वर्षं झाली.

इथे आलो तो बांधामुळे. आमच्या वस्तीच्या डोक्यावर खाण आहे आणि खाणीचा गाळ अडवायला मातीचा बांध. खाणवाल्यांना तो अजून चार पुरुष उंच करायचा होता. साहेब स्वतः बघायला आले, धापा टाकत वर चढले, खाली येऊन आमच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, "मी त्या जागेवर असेपर्यंत हा बांध वीतभरही चढणार नाही." परत जाऊन त्यांनी लेखी हरकत घेतली. असल्या कामाला त्या मतदारसंघाच्या खासदाराचं मत लागतं. त्याची हरकत उभी असेल तर फाईल हलत नाही. तेव्हापासून फाईल बसून आहे.

त्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं होतं, "हा काय करतो?"

"हा फिरतो," आई म्हणाली.

"मग माझ्याकडे फिरू दे."

इथे ते मला 'मतदार' म्हणायचे. "ए मतदार, चहा आण." पाहुण्यांना सांगायचे, "दोन लाखांतला एक घरात आणून ठेवलाय. मला डुलकी लागली तर उठवायला." पाहुणे हसायचे, मीही हसायचो. आता सगळेच मला मतदार म्हणतात. साहेब तेवढे म्हणत नाहीत.

२० जानेवारी

पीएसाहेबांनी आज मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. याआधी कधी बसवलं नव्हतं. ते एकोणीस वर्षं साहेबांबरोबर आहेत. साहेबांच्या भाषणातलं अर्धं अक्षर त्यांचं, असं ड्रायव्हर म्हणतो.

ते म्हणाले, "नीट ऐक. सभागृहाच्या लॉबीत हजेरीची वही असते. लागोपाठ पन्नास दिवस तिच्यात सही पडली नाही, तर जागा रिकामी झाली असं जाहीर करतात. मग हा फ्लॅट नाही, सिस्टर नाहीत, दवाखाना नाही. आणि तुमच्या मतदारसंघाचं तिथे कोणी नाही. कळलं?"

"कळलं."

"सत्तावीस तारखेच्या आत सही पडली पाहिजे. लॉबीत आम्हा पीए लोकांना जाऊ देत नाहीत. आजारी सभासदाबरोबर एक सेवक चालतो. पासावर फोटो तुझा लावलाय."

मी विचारलं, हातात पेन धरवत नाही, सही कशी होणार? ते म्हणाले, "सही हाताला पाठ असते. तू फक्त खालून आधार द्यायचा."

चार दिवस सराव करायचाय. जुन्या कागदांवर.

२४ जानेवारी

झालं.

सकाळी लवकर गेलो, गर्दी व्हायच्या आत. साहेबांना कोट घातला, पायांवर चादर. लॉबी म्हणजे लांबच लांब खोली, चालणाऱ्याचा आवाज येत नाही असा गालिचा, टोकाला हिरव्या कापडाचं टेबल. टेबलामागे वहीचा कारकून. सडपातळ मनुष्य, कानावर पेन्सिल. त्याने बोट फिरवत ओळ काढून दिली. वहीत सभासदाचं नाव नसतं. मतदारसंघाचं असतं. नाव पुढच्या निवडणुकीत बदलतं, मतदारसंघ तोच राहतो, असं कारकून म्हणाला. आमच्या मतदारसंघाला तिथे एक ओळ आहे. बोटभर रुंद. मला वाटलं होतं मोठी असेल. पण तेवढ्या ओळीत आमची वस्ती आहे, आई आहे, ताई आहे, तिची दोन पोरं आहेत.

मी साहेबांच्या हाताखाली हात घातला. आणि हात आपोआप निघाला. खरं सांगतो, मी फक्त वजन पेललं. शेवटचं वळण त्यांनी स्वतः ओढलं. मग वर बघून म्हणाले, "हो."

कारकुनाने पेन्सिलीने बारीक खूण केली. "आजपासून नवे पन्नास," म्हणाला.

परत येताना गाडीत साहेबांचा हात उघडा होता, मांडीवर उताणा. सिस्टर म्हणाल्या, आज खूष आहेत.

३ फेब्रुवारी

हाताची एक गोष्ट शिकलो. मूठ आवळली की जोर लावायचा नाही, नाहीतर अजून घट्ट होते. टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटावर ठेवायचा, थोडं थांबायचं, आणि करंगळीपासून सुरुवात करायची. अंगठ्याच्या वाटेला कधी जायचं नाही. करंगळी सुटली की बाकीची तिच्यामागे येतात. सिस्टरांना जमायला महिना लागला होता, मला तीन दिवसांत जमलं. "तुझ्या हातात कला आहे," म्हणाल्या. आयुष्यात मला हे पहिल्यांदा कोणी म्हटलं.

नखं कापायला, हात पुसायला मूठ उघडावीच लागते. साहेबांना आवडत नाही. पण घाण राहून कसं चालेल?

८ फेब्रुवारी

एक गृहस्थ फळांची करंडी घेऊन आले होते. साहेबांना भेटायला आलो म्हणाले, पण साहेबांपाशी दोन मिनिटं थांबले आणि दीड तास पीएसाहेबांच्या खोलीत बसले. मी दोनदा चहा दिला. खाणीच्या कचेरीतले आहेत म्हणे. खाणीतला माणूस, पण बुटाला कणभर धूळ नव्हती. मी जाताना त्यांना सांगितलं, आमची वस्ती तुमच्याच बांधाखाली आहे. ते म्हणाले, "अरे वा."

माणूस वाईट वाटला नाही. साहेबांची हरकत असूनही तब्येत विचारायला आला.

९ फेब्रुवारी

आज चांगलं काम झालं. हाताला मात्र घाम फुटला.

दुपारी पीएसाहेब एक कागद घेऊन आले. साहेबांचा छापील कागद, खाली शिक्का आधीच मारलेला. खुर्चीजवळ वाकून म्हणाले, "साहेब, बोलणं झाल्याप्रमाणे पत्र तयार आहे. सही करायची ना?"

"हो," साहेब म्हणाले.

"ऐकलंत ना सिस्टर? तू ऐकलंस?"

आम्ही ऐकलं होतं. मी पेन घेतलं, हात घेतला, तर मूठ. अशी मूठ मी पाहिली नव्हती. नखं तळव्यात रुतली होती. सिस्टर म्हणाल्या, "आज राहू दे ना, दमलेत." पीएसाहेब म्हणाले, "एकच आहे." आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मला कागदावरची वरची ओळ दिसत होती. विषय असं लिहिलं होतं आणि पुढे आमच्या वस्तीचं नाव. वस्तीचं नाव छापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे शब्द होता, 'बांध'. पुढचे शब्द लांब लांब होते. मी विचारलं, "हे आमच्या बांधाचं आहे?"

"तुमच्याच बांधाचं," पीएसाहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "म्हणून तर घाई."

मग मी मन लावून केलं. टॉवेल तीनदा बदलला. करंगळी सुटत होती आणि परत वळत होती. साहेब माझ्याकडे बघत 'हो हो हो हो' करत होते. मी म्हटलं, साहेब, आपल्या वस्तीचं काम आहे, थोडं सोसा. वीस मिनिटं लागली. सही छान आली, जुन्या सह्यांसारखी, कारण आज हात मुळीच चालत नव्हता, सगळी मीच ओढली. शेवटचं वळणसुद्धा.

पेन काढून घेताना टोक वाकलं होतं. तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी होत्या. त्यांना मलम लावलं.

१० फेब्रुवारी

ताईचा फोन. मोठ्या गावच्या कचेरीबाहेर कागद लागलाय, बांधाबद्दल ज्यांची हरकत असेल त्यांनी सत्तावीस तारखेच्या आत स्वतः येऊन लेखी द्यावी. चाळीस घरं आहेत. जायला-यायला दोन दिवस मोडतात. म्हाताऱ्यांना कसं न्यायचं, हे ठरत नव्हतं.

मी म्हटलं, "काही जाऊ नका. साहेबांनी कालच आपल्या बांधाच्या कागदावर सही केलीय. मीच हात धरला होता."

"भिंगरी, नक्की ना? नाहीतर म्हणशील एक आणि होईल एक."

"मी काय उडत उडत ऐकलंय का? सही माझ्या हाताखालून गेलीय."

आईने फोन घेतला. ती फोनवर ओरडून बोलते, लांब आहे म्हणून. "तू आहेस ना तिथं? मग झालं. मी सांगते सगळ्यांना."

दिवसभर छाती फुगलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "काय मतदार, आज निवडून आलास की काय?"

२७ फेब्रुवारी

पायाला मुंग्या येतायत. बंदरावरचा एक मित्र जहाजावर चढतोय, मलाही बोलावतोय. पण साहेबांना सोडून कसा जाऊ?

साहेब हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. मी डावीकडे उभा राहिलो तर मान उजवीकडे. सिस्टर म्हणतात आजाराने मान वळते. पण सिस्टर डावीकडे उभ्या राहिल्या तर बघतात.

३ मार्च

वहीत सही. आज लॉबीत मूठच होती. मी चादरीखाली गाडीतच उघडून घेतली होती, तरी टेबलाशी परत वळली. आता मला टॉवेलही लागत नाही. कारकून दुसरीकडे बघत होता तेवढ्यात करंगळी सोडवली, ओळीत सही टाकली.

साहेबांच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. त्या बाजूचा डोळा मिटत नाही म्हणून येतं.

कारकून म्हणाला, "नवे पन्नास. बावीस एप्रिल."

२ एप्रिल

टपाल मीच फोडतो. मतदारसंघातून रोज पत्रं येतात. पाणी नाही, शिक्षक नाही, पेन्शन अडकली. पूर्वी साहेब एकेक वाचून माझ्याकडून ढिगात लावायचे. आता मी नुसतेच ढीग लावतो.

आज खाण खात्याचं पाकीट होतं. वस्तीचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून बाजूला ठेवलं. दुपारभर एकेक अक्षर लावत वाचलं. 'आपण आपली पूर्वीची हरकत दिनांक ९ फेब्रुवारीच्या पत्रान्वये मागे घेतली असल्याने, व स्थानिकांकडून विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त न झाल्याने.' इथपर्यंत वाचलं. पुढे 'परवानगी' हा शब्द होता.

'पत्रान्वये' म्हणजे काय ते मला येत नाही. 'विहित' येत नाही. 'मागे घेतली' येतं. तरी म्हटलं, आपल्याला कुठे नीट वाचता येतं. सिस्टरांना दिलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवलं. नुसतं मला बसायला सांगितलं.

पाकिटात सही केलेल्या पत्राची नक्कल जोडली होती. मी डायरीचं नऊ फेब्रुवारीचं पान काढलं. 'आज चांगलं काम झालं' असं लिहिलंय. माझंच अक्षर.

३ एप्रिल

पीएसाहेबांसमोर पाकीट ठेवलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब हो म्हणाले होते. तू होतास. सिस्टर होत्या."

"साहेब सगळ्यालाच हो म्हणतात."

"मग कुठल्या 'हो'वर मी हे घर चालवू, तू सांग," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पक्षातले तीन जण ही जागा रिकामी व्हायची वाट बघतायत. त्यांना थोपवायला कोणीतरी मोठा पाठीशी लागतो. चार महिने मी एकटा थोपवतोय. साहेबांचा बिछाना, औषध, तुझी जेवणाची ताटली, सगळं त्या वहीतल्या ओळीवर उभं आहे."

"बांधाखाली माझी आई आहे."

"बांध पडणार नाही. इंजिनीअरांनी लिहून दिलंय." चष्मा घातला. "आणि मूठ तू उघडलीस. मी नाही."

हे ते खरं बोलले.

४ एप्रिल

ताईला फोन केला. सांगता येईना. मी म्हटलं, हरकत द्यायला जा, आजच निघा. ती म्हणाली, "मुदत कधीच गेली की. आणि आता वर यंत्रं आलीयत. आम्हाला वाटलं तो साहेबांच्या सहीचाच काहीतरी प्रकार आहे. बांध पाडायला आलीयत, असं आई सगळ्यांना सांगत होती."

मी फोन ठेवला.

१२ एप्रिल

आठ दिवस घेऊन मी स्वतः पत्र लिहिलं. साहेबांच्या छापील कागदावर. 'आधीचं पत्र माझ्या मनाविरुद्ध गेलं. माझी हरकत कायम आहे. बांध चढवू नये.' एवढंच. सिस्टरांनी चुका दुरुस्त केल्या. पीएसाहेब बाहेर गेल्यावर शिक्का मारला.

साहेबांसमोर बसलो. आधी खात्याचं पत्र वाचून दाखवलं, मग माझं. अडखळत वाचलं, बराच वेळ गेला. मूठ आवळलेलीच होती. मी म्हटलं, "साहेब, तेव्हा मला कळलं नाही. आता मी हात लावणार नाही."

बऱ्याच वेळाने करंगळी सुटली. आपली आपण. मग बाकीची. मी पेन बोटांत ठेवलं आणि कागद धरून बसलो. सही व्हायला फार वेळ लागला. रेघ खाली घसरली, मधलं अक्षर राहून गेलं, वळण कागदाबाहेर गेलं. ती साहेबांची सही होती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टर स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी स्वतः खात्यात जाऊन खिडकीवर पत्र दिलं. पोच घेतली.

१९ एप्रिल

पत्र परत आलं. वर एक चिठ्ठी टाचलेली. 'सही नमुन्याशी जुळत नाही.'

नमुना म्हणून त्यांनी नऊ फेब्रुवारीची सही लावलीय.

२२ एप्रिल

आठवडाभर साहेबांना ताप होता, म्हणून पीएसाहेबांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबवलं. आज पन्नासावा. वही पाचला बंद होते. आम्ही साडेचारला दारात होतो. पीएसाहेबांनी साहेबांची कॉलर नीट केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मतदार, जे झालं ते झालं. दोन मिनिटांचं काम आहे."

मी खुर्ची आत ढकलत नेली. दार मागे बंद झालं.

कारकुनाने ओळ काढून दिली. मी पेन साहेबांच्या हातात ठेवलं आणि दोन्ही हात माझ्या पाठीमागे बांधले.

"धर की," कारकून म्हणाला.

"ते स्वतः करतील."

साहेबांनी वहीकडे बघितलं. ती बोटभर ओळ. एकवीस वर्षं त्यांनी त्या ओळीत सह्या केल्यात. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मनात असेल तसं. सही झाली तर हे सगळं राहील. नाही झाली तर तुमच्या नावाने कोणी काही लिहू शकणार नाही."

"हो," साहेब म्हणाले.

मी हाताकडे बघत होतो. पेन सुटून वहीवर पडलं, घरंगळत गेलं. आणि बोटं एकेक करून आत वळली. अंगठा सगळ्यांच्या वर.

पाचला पंधरा मिनिटं होती. कारकून एकदा मूठ बघे, एकदा मला. त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "अरे, एवढा हात धरायचा असतो रे," हळूच म्हणाला. "सगळेच धरतात. मी बघत नाही."

मी हात पाठीमागेच ठेवले. मला उघडता आली असती. अर्धं मिनिट लागलं असतं.

पाच वाजता कारकुनाने पट्टी घेतली आणि आमच्या मतदारसंघाच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ मारली.

२४ एप्रिल

पीएसाहेब आपल्या खोलीत कागद खोक्यात भरत होते. एकोणीस वर्षांचे. मी दोरी बांधायला गेलो, तर म्हणाले, "नको, तू हात लावू नकोस."

साहेबांना त्यांची मुलगी घेऊन गेली. तिच्याकडे एकच खोली आहे. गाडीत बसवताना साहेबांचा हात उघडा होता. मी त्यात हात दिला. जोर नव्हता, पण पकड होती.

"हो," म्हणाले.

सिस्टरांनी जाताना मला टॉवेल दिला. तोच. का दिला माहीत नाही.

९ मे

घरी आलो. बस, मग टेम्पो, मग पायी. लांबूनच बांध दिसला. दोन पुरुष चढलाय. वर यंत्रं मुंग्यांसारखी.

चाळीसातली पंधरा घरं उठून गेली. ताई पोरांना घेऊन वरच्या शाळेत राहतेय. शाळा उंचावर आहे. बांधाच्या पायथ्याशी ओल आली आहे, राखेच्या रंगाची. रोज किती पुढे सरकते ते कळावं म्हणून लोकांनी दगड मांडलेत. ओलीच्या टोकाला रोज सकाळी एक दगड. आज एकविसावा.

आई घरातच आहे. मला बघून आधी हसली. मग चेहरा पडला. "तू का आलास? आता तिथं आपलं कोण?"

मी तिला सगळं सांगितलं, नऊ फेब्रुवारीपासून. ती धान्य निवडत होती. मधे एकदाच बोलली.

"म्हणजे साहेबांनी मूठ वळली होती. मग सही कशी झाली?"

"मी उघडली."

तिने सुपात बोटं फिरवायची थांबवली. खूप वेळाने परत फिरवायला लागली.

१४ मे

सव्विसावा दगड आमच्या पायरीपासून नऊ पावलांवर आहे. सकाळी मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. पाय ओले झाले.

माणसं सामान घेऊन वर निघालीत. आमच्या घरातलं सगळं मी शाळेत नेऊन टाकलंय. पातेलं आणि माझी पिशवी तेवढी राहिली. आई पायरीवर बसलीय, उजव्या हाताने दाराची चौकट धरून. साहेब बसले होते त्याच जागी. जो कोणी समोरून जातो त्याला सांगते, खासदार म्हणाले होते वीतभर चढणार नाही.

"आई, खासदार नाहीत आता. ती जागा रिकामी आहे."

"मग दुसरा येईपर्यंत कोणीतरी बसायला नको का?"

ताईने वरून हाक मारली, "अरे भिंगरी, आण ना तिला. तुझं ऐकेल."

मी शेजारी बसलो. म्हटलं, "आई, चलायचं ना?"

"हो," ती म्हणाली. "जाऊ, जाऊ. हो."

मी हाताकडे बघितलं. चौकटीवर बोटं आवळलेली आहेत, नखं पांढरी झालीत.

चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलंय. टॉवेल पिशवीतून काढलाय. पाणी तापेपर्यंत हे लिहितोय.